शेवटच्या बाकावरचा हात

कॉलेजात माझ्याकडं सगळ्यांचे आवाज होते. यावल गाडीचा कंडक्टर, "पुढं सरका, मागं काय सासरवाडी आहे का" म्हणणारा. प्रिन्सिपॉलसाहेब, दर वाक्याआधी घसा साफ करणारे. शिपाई नाना, विडी दातात धरून बोलणारे. त्याआधी चोपड्याच्या शाळेत मी एकदा हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी देऊन टाकली होती आणि अर्धी शाळा दप्तर घेऊन फाटकापर्यंत गेली होती. त्यामुळं जळगावला कॉलेजात आलो तेव्हा माझी कीर्ती माझ्या आधीच्या एस.टी.नं येऊन पोचलेली. पोरं मला नकल्याच म्हणायची.

यातले सगळे आवाज मी अजून काढतो. लग्नात काढतो, पारावर काढतो, कोणी चहा पाजला तर फुकटात काढतो. एक काढत नाही. भूगोलाच्या सरांचा.

सर धुळ्याचे. आठवडाभर जळगावला खोली घेऊन एकटे राहायचे आणि शनिवारी दुपारी घरी जायचे. अंगानं काडी. पण वर्गात तोंड उघडलं की वाटायचं, आत एखादा पहिलवान बसवून ठेवलाय. आणि तास संपला की तो पहिलवान कुठंतरी जायचा. बाहेर नळाजवळ सर कोणाशी बोलायचे तर नुसती खरखर यायची, रेडिओचं स्टेशन नीट न लागल्यासारखी. हे दोन्ही मी काढायचो. तासातला आवाज आणि तासानंतरचा. पोरं दुसऱ्याला जास्त हसायची.

दोष आमच्या वर्गखोलीचा होता. जळगावला नवीन विद्यापीठ झालं तशी पोरं वाढली. खोल्या होत्या तेवढ्याच होत्या. मग कॉलेजनं सायकल स्टँडला भिंती घातल्या, पत्रा वर होताच, आत बाकं टाकली आणि त्याला वर्ग म्हटलं. आम्ही शेडच म्हणायचो. कंपाउंडच्या पलीकडं जिनिंग, कापसातली सरकी काढायची गिरणी. कापूस यायला लागला की तिची घरघर सुरू, ती उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. अलीकडं रस्ता, त्यावर केळीचे ट्रक. डोक्यावर दोन पंखे, त्यांचा वारा कमी आणि खडखड जास्त. फेब्रुवारी सरला की पत्र्यावर कावळासुद्धा बसून राहायचा नाही, लगेच उठून जायचा. आम्ही बसून राहायचो.

एका दुपारी सरांना उशीर झाला. मी खडू घेतला, नसलेला चष्मा नाकावर सारला आणि सुरू झालो, "दख्खनचं पठार म्हणजे काय, तर थरावर थर. थरावर थर. टोपल्यात जशा भाकरी." हे सरांचंच वाक्य. वर्ग हसत होता. मग एकेक जण हसायचा थांबला. बघतो तर सर शेवटच्या बाकावर बसलेले.

उठले नाहीत. तिथूनच हात वर केला आणि मला म्हणाले, "सर, मागं ऐकू येत नाही."

मी खडू खाली ठेवला.

"बोला की. भाकरीपर्यंत आलं होतं."

मी आवाज चढवला. सरांनी मान हलवली, नाही. अजून चढवला. नाही. शेवटी गळ्याच्या शिरा ताणून भाकरी, भाकरी असं ओरडलो तेव्हा म्हणाले, "हां, आता आलं. असं किती वेळ बोलता येईल तुम्हाला?"

"पाच मिनिटं, सर."

"मला पूर्ण तास बोलावं लागतं," सर म्हणाले आणि फळ्याकडं आले. शिकवायला लागले, थरांच्या पुढं.

तास संपल्यावर त्यांनी मला नळाजवळ बोलावलं. मला वाटलं आता प्रिन्सिपॉलसाहेबांकडं वरात जाणार. पण ते त्यांच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाले, "तू माझं एक काम करशील का?"

काम असं होतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सरांचा घसा आरशानं पाहिला होता. आत गाठीसारखं काहीतरी दिसत होतं. मोठ्यानं बोलणं बंद करा, नाहीतर आवाज हातचा जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. "मी म्हटलं, डॉक्टर, मी मास्तर आहे," सर म्हणाले. "ते म्हणाले, मग हळू बोलता येईल अशा खोलीतले मास्तर व्हा."

तशी खोली होती. जुन्या दगडी इमारतीत, जाड भिंतींची, थंड, मागच्या अंगाला. तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि गॅदरिंगचे पडदे भरून ठेवले होते. सरांनी ती मागितली तर प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, शेडबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही. म्हणून सरांनी ठरवलं, शेड मोजायची. उकाडा, हवा, उजेड, आवाज, माणसाला बसून शिकता येतं की नाही ते सगळं मोजायचं आणि संस्थेच्या अध्यक्षांपुढं ठेवायचं.

"मोजायला मी कशाला?" मी विचारलं.

"थर्मामीटर आहेत माझ्याकडं. पण फळ्यापाशी बोलायचं मी, आणि शेवटच्या बाकावर बसून ऐकायचं पण मीच, हे कसं व्हायचं? मला माझ्या आवाजाचा दुसरा माणूस पाहिजे."

"टेपरेकॉर्डर लावा ना, सर."

"त्याचा आवाज त्याचाच असतो रे. तू बरा आहेस त्याच्यापेक्षा."

आयुष्यात मला नकलेबद्दल मिळालेलं हे एकमेव सर्टिफिकेट.

मग आम्ही शेड मोजायला लागलो. सर दोन थर्मामीटर बाकाच्या उंचीवर सुतळीनं टांगायचे. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं. दोघांतल्या फरकावरून हवेत किती ओल आहे ते कळतं, म्हणायचे. पहिल्याच दिवशी आत गेलो तर शेड गार. शिपाई नाना एरंडोलकडचे, वयानं सरांपेक्षा मोठे. त्यांनी भुईवर पाणी शिंपडून ठेवलेलं, खिडक्यांना ओली पोती टांगलेली, फळा काळाकुट्ट पुसलेला.

"नाना, हे काय?" सर म्हणाले. "रोज जसं असतं तसं राहू द्यायचं ना."

नानांना ते लागलं. "कोनी आपलं घर देखाले येस, तं आपन झाडतस ना, सर? तसंच ठेवतस का?"

कोणी बघायला येणार म्हणून घर झाडावं, तसं त्यांनी झाडलं होतं. पोती काढली, भुई वाळू दिली, मग दुसऱ्या दिवशी मोजलं. नाना दोन-तीन दिवस आमच्याकडं बघून विडी ओढत होते, जसं काही आम्ही त्यांच्या घरातली अडगळ चव्हाट्यावर मांडतोय.

आवाजासाठी सरांनी गावांची नावं ठरवली होती. मी फळ्यापाशी उभा राहून सरांच्या आवाजात एकेक नाव घ्यायचं, वाक्यात गुंडाळायचं नाही, नुसतं नाव. सर एकेका बाकावर बसत मागं जायचे. ऐकू आलं की हात वर. नाही आलं तर हात मांडीवर. जिनिंग चालू असताना, बंद असताना. पंखे लावून, न लावता.

"एरंडोल," मी म्हणायचो. हात वर.

"यावल." हात वर.

तिसऱ्या बाकानंतर हात जड व्हायला लागायचा. पाचोरा म्हटलं तरी मांडीवर, पारोळा म्हटलं तरी मांडीवर. सर तिथं मागं, मान पुढं काढून, कपाळाला घाम, माझ्या ओठांकडं न बघता भिंतीकडं बघत बसायचे. ओठ बघितले तर लबाडी होते, म्हणायचे. मी मुद्दाम मध्येच यादीत नसलेलं "मुंबई" म्हणायचो, हात वर येतो का बघायला. यायचा नाही. आधी मला हसू यायचं, मग मग तेही येईना. आपला स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही, हे त्यांना तिथं बसून रोज कळत होतं. मलापण समोरून कळत होतं.

आकडे झाले. राहिली माणसं. सरांनी सायक्लोस्टाईल करून एक कागद वाटला. वर्गात उकडतं का, फळा दिसतो का, शिकवलेलं शेवटपर्यंत ऐकू येतं का, डोकं दुखतं का. नाव लिहू नका म्हणाले. निम्म्या लोकांनी नाव, रोल नंबर आणि खाली "आपला आज्ञाधारक विद्यार्थी" असं लिहिलं. आणि वर लिहिलं, सर्व छान आहे. स्पष्ट ऐकू येते. काहीही त्रास नाही.

आमच्या वर्गात सातपुड्याच्या पायथ्याकडची एक मुलगी होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. नळावर गाठून मी तिला विचारलं, "तुला मागं ऐकू येतं?"

"नाही."

"मग लिहिलंस काय?"

"स्पष्ट ऐकू येतं."

"कमाल आहे तुझी."

"कमाल काय त्यात," ती म्हणाली. "तो माणूस घसा फोडून शिकवून राहिला आणि मी त्याला लिहून देऊ, तुमचं काही ऐकू येत नाही म्हणून? बरं दिसतं का ते?"

"आणि उकडत नाही तुला?"

"उकडतं? एप्रिलात ये आमच्या वावरात. डोक्यावर पत्रा आहे ते काय कमी आहे?"

मी माझ्या कागदावर लिहिलं होतं, "मागच्या बाकावर झोप उत्तम लागते, कारण सरांचा आवाज तिथं येऊन त्रास देत नाही." सरांनी तो वाचला, हसायला लागले, आणि हसताहसता खोकल्यानं असे वाकले की मीच पाणी आणलं.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. यावलकडं केळीच्या बागा, वय झालेलं, बोलायला गोड माणूस. ऑफिसात सरांनी त्यांच्यापुढं आकडे ठेवले, मी थर्मामीटर धरून बाजूला उभा. आबांनी आकडे बाजूला सारले आणि पोरांचे कागद वाचायला घेतले.

"सर, पोरं तर म्हणताहेत, बरं आहे."

"आबा, पोरं लाजतात."

"लाजून एवढं सारखं कसं लिहितील?" ते पुढचा कागद, पुढचा कागद करत माझ्या कागदापाशी आले. वाचला आणि प्रिन्सिपॉलसाहेबांकडं सरकवला. साहेबांनी घसा साफ केला, अक्षर ओळखलं आणि माझ्याकडं बोट केलं. "हा आमचा नकल्या."

"एवढा एकच खरा आहे त्यात," सर म्हणाले.

दोघं हसले. मलाच कळेना की मी हसावं की नाही. पण आबा वाईट नव्हते. म्हणाले, "असं करू. मी स्वतः येतो. शेवटच्या बाकावर बसतो. मला ऐकू नाही आलं तर खोली तुमची."

सर त्या संध्याकाळी इतके खूश होते की मला भरीत-भाकरी खाऊ घातली. "मी काय करणार आहे सांगू?" ते म्हणाले. "हळू बोलणार. ओरडणार नाही. माणूस माणसाशी बोलतो ना, तसं. आबांपर्यंत पोचणारच नाही. झालं काम."

आबा आले त्या दिवशी जिनिंग जोरात चालू होती, केळीचे ट्रक जात होते, सगळं आमच्या बाजूनं होतं. फक्त नानांनी पुन्हा पाणी शिंपडलेलं आणि ओली पोती टांगलेली. सरांनी पाहिलं आणि सोडून दिलं, आज आवाजाचा दिवस होता. आबा शेवटच्या बाकावर टेकले. इतका मोठा माणूस आपल्यात बसला म्हणून पोरं अशी ताठ बसली होती जसा कोणी फोटो काढतोय. मी दुसऱ्या बाकावर.

सरांनी सुरू केलं. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आवाज कसा होता ते सांगता येत नाही, कारण दुसऱ्या बाकापर्यंतही जिनिंगशिवाय काही येत नव्हतं. मी मनात म्हटलं, जमलं.

मागं वळून पाहिलं. आबांनी कानामागं हात धरला होता. म्हातारा मान पुढं काढून, कपाळाला आठ्या घालून ऐकायची खटपट करत होता. थोडं बाकावरून उठल्यासारखा झाला, पुन्हा बसला, पुन्हा हात कानामागं.

सरांनी ते पाहिलं. एक वाक्य त्यांनी तसंच, हळूच काढलं. दुसरं पण काढलं असेल. मग एकदम त्यांचा तो पहिलवान उठला. "दख्खनचं पठार म्हणजे काय," सर गरजले, जिनिंगच्या वर, पंख्यांच्या वर, पत्रा वाजावा तसं. आणि मग खाली आलेच नाहीत. पूर्ण तास. इतका मोठा आवाज त्यांनी आमच्यासाठी कधी काढला नव्हता. भाकरीचं टोपलं आलं तेव्हा आबा हसले, मान डोलावली, म्हणजे त्यांना ते ऐकू गेलं होतं. शेवटी शेवटी सरांचा आवाज दोन ठिकाणी फाटला, पण त्यांनी तो ओढून नेला.

तास संपला. आबा पुढं आले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला तर साफ ऐकू आलं, सर. खणखणीत आवाज आहे तुमचा. आणि गारवा पण छान आहे इथं."

नाना दारात उभे होते, त्यांना फार बरं वाटलं.

मी सरांना नळाजवळ गाठलं. मला राग आला होता. "सर, तुम्ही हळू बोलणार होता ना?"

सर आधी पाणी प्याले. घोट उतरताना डोळे मिटले. मग जी काही खरखर उरली होती तिच्यात म्हणाले, "म्हातारा माणूस कानाला हात लावून बसला होता रे. आपल्याकडं आलेला."

 त्यांच्या जागी मी असतो तर मीपण ओरडलो असतो. आमच्याकडचा कोणीही ओरडला असता.

खोलीत खुर्च्या आणि पडदे राहिले. सर शेडमध्ये शिकवत राहिले. त्या वर्षी परीक्षेपर्यंत कसंबसं निभलं. पुढच्या वर्षी कापूस यायला लागला तसे ते फळ्यावर जास्त लिहायचे आणि कमी बोलायचे. पोरं ओरडायची नाहीत, गडबड करायची नाहीत, तेवढंच त्यांच्या हातात होतं. दिवाळीनंतर सर आलेच नाहीत. नाशिकला ऑपरेशन झालं असं कळलं. गाठ साधी नव्हती. आवाजाची पेटीच काढावी लागली. शेडमुळं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. लवकर यायला पाहिजे होतं, आवाज वापरायला नको होता, एवढंच म्हणाले.

सरांचे थर्मामीटर कॉलेजात राहिले होते. ते पोचवायला मी धुळ्याला गेलो. एस.टी.त थर्मामीटर मांडीवर धरून बसलो होतो, कंडक्टर म्हणाला, "काय भाऊ, गाडीला ताप आलाय का?" एरवी मी त्याला त्याच्याच आवाजात उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नुसतं तिकीट घेतलं.

सरांचं घर गल्लीच्या आतल्या अंगाला होतं. जाड भिंती, बारीक खिडकी, आत शिरलं की रस्ता मागं राहायचा. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. सर पार आतल्या भिंतीला पलंगावर बसलेले, गळ्याला पांढरी पट्टी. मला पाहून हसले. जवळच्या पाटीवर लिहिलं, "झोप उत्तम लागते का?"

मी हो म्हटलं. सरांनी थर्मामीटर हातात घेतले, कोरडा कुठला, ओला कुठला ते बघितलं, आणि खिडकीच्या खिळ्याला टांगले. सवयच ती.

बाईंनी चहा आणला. सरांच्या पत्नी. हळू बोलणारी, ठेंगणी बाई. कप ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तू यांचा आवाज काढतो म्हणे."

मी सरांकडं पाहिलं. ते पाटी पुसत होते.

"काढ ना," बाई म्हणाल्या. "एकदा."

मी दाराशी जाऊन उभा राहिलो. काय बोलावं कळेना, म्हणून तीच गावं. सरांना समजलं. ते पलंगावर नीट बसले आणि माझ्याकडं न बघता समोरच्या भिंतीकडं बघायला लागले.

"एरंडोल," मी म्हणालो. सरांच्या आवाजात, जसा शेडमध्ये काढायचो तसा.

सरांचा हात वर गेला.

"यावल. चोपडा." हात वरच होता.

बाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी काहीतरी शोधत होतो, नक्कल करताना शोधतो तसं, समोरच्यानं माणूस ओळखला की एक उजेड येतो तो. तो आला नाही.

"हा कॉलेजातला असेल," बाई म्हणाल्या. "घरात नव्हते ते असं बोलत. इतकं मोठ्यानं नाही. पाणी पाहिजे असलं तरी चुलीपर्यंत यायचे आणि मग सांगायचे, पाणी दे म्हणून. हळू." त्या थांबल्या. "तो येतो का तुला?"

मी आवाज उतरवला. नळाजवळची खरखर आली. बाईंनी मान हलवली. ती खरखर त्यांना माहीत होती, ती आजारपणातली होती. मी आणखी खाली गेलो, खरखर काढून टाकली, पहिलवान काढून टाकला. उरलं ते कोणाचंच नव्हतं. माझ्याकडं सरांचे दोनच आवाज होते. शेडमधला आणि शेडनंतरचा. तिसरा त्यांनी एकदाच शेडमध्ये आणला होता, आबा आले त्या दिवशी, पहिल्या दोन-तीन वाक्यांपुरता. तेव्हा मी दुसऱ्या बाकावर होतो आणि मला फक्त ओठ दिसले होते.

मी ते ओठ आठवून पुन्हा करून पाहिलं. "एरंडोल," मी हळूच म्हणालो.

घरात जिनिंग नव्हती, पंखा नव्हता, ट्रक नव्हते. इतकं हळू बोललेलंही सरांपर्यंत नीट जात होतं. बाईंनी कप उचलला आणि आत गेल्या.

मी सरांकडं पाहिलं. ते अजून भिंतीकडंच बघत होते. हात मांडीवर होता.